घरच्या मेल सर्व्हरवर बाहेरची मेल येत नाही? आधी राउटरचा आयपी बघा

सर्व्हर नीट चालतोय, पण बाहेरून एकही मेल येत नाही. पोस्टफिक्सच्या (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये शिरण्याआधी हे करा.

१. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) आणि 'माझा आयपी' शोधल्यावर ब्राउझरमध्ये दिसणारा आयपी ताडून पाहा (व्हीपीएन बंद ठेवून). राउटरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर बाहेरचा पत्ता तुम्ही इतर ग्राहकांबरोबर वाटून घेताय. मग राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याचे क्रमांक दिलेले दरवाजे) कितीही उघडा, मेल पोचणार नाही. इंटरनेट कंपनीकडे स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता) मागा. माझे दोन दिवस नेमके इथेच गेले.

२. आयपी जुळले तर राउटरवर पोर्ट २५ सर्व्हरकडे वळवा. ५८७ नव्हे, तो आपल्या मेल ॲपसाठी असतो.

३. डोमेनच्या एमएक्स रेकॉर्डमध्ये (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी नोंद) आयपी किंवा सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं नाव) नको. ए रेकॉर्ड (नावाला थेट आयपी जोडणारी नोंद) असलेलं नाव द्या.

४. पोर्ट उघडलं का, हे ऑनलाइन पोर्ट चेकरवर बघा. घरच्या वायफायवरून स्वतःच थेट त्या पत्त्याला जोडून तपासू नका. बरेच राउटर आतून स्वतःचाच बाहेरचा पत्ता गाठू देत नाहीत.

सांभाळा: पोर्ट उघडण्याआधी सर्व्हर ओपन रिले (कुणाचीही मेल कुठेही पुढे पाठवणारा) नाही याची खात्री करा, नाहीतर स्पॅमवाले त्याच्यावरून मेल पाठवू लागतील आणि तुमचा आयपी काळ्या यादीत जाईल.