पोरीचं हटके नाव ठेवताय? आधी हाक मारून बघा
बारशाला कानात कुर्र करायला आत्या आहेच, पण नाव शोधायचं काम आपलंच, म्हणून आधी अर्थ बघून घ्या. वेल्श भाषेतलं सेरेन म्हणजे तारा, तुर्कीतलं नेहिर म्हणजे नदी, फारसीतलं लाले म्हणजे ट्युलिप, आणि हवाईचं लेइलानी म्हणजे स्वर्गातली फुलं, हे मला लई आवडतं पण आज्जीच्या तोंडात बसायचं नाही. मग गल्लीत उभं राहून मोठ्यानं हाक मारा. जपानी हाना म्हणजे फूल, नाव गोड आहे, पण कोल्हापुरात संध्याकाळी "हाना, हाना" ओरडलात तर कुणाला हाणायचंय म्हणून अख्खी तालीम धावत येईल. आणि जन्मनोंदणी 21 दिवसांत उरकून टाका, नाव ठरलं नसलं तरी चालतंय, 12 महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं, तोवर चिमी म्हणा.