जुन्या ट्यूब ॲम्पचं स्कीमॅटिक शोधताय? या चुका टाळा

गिटारच्या जुन्या ट्यूब ॲम्पच्या (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) पुढच्या पॅनेलवरचं नाव वाचून स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, उतरवून घेणं, ही सर्रास होणारी चूक. फेंडर कंपनीचा बॅसमन ॲम्प 1959चा असेल तर आत 5एफ6-ए सर्किट सापडेल, 1964च्या शेवटचा असेल तर बहुधा एए864. नाव एकच, ॲम्प दोन. फेंडरचे हे क्रमांक वाचता येतात. 5एफ6-ए मधला 5 म्हणजे 1950चं दशक, एफ ही सर्किटची आवृत्ती आणि 6 म्हणजे बॅसमन. एबी763 मधलं 763 म्हणजे 1963चा सातवा महिना.

हा क्रमांक कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या ट्यूब चार्टवर (कुठली ट्यूब कुठे बसते ते दाखवणाऱ्या कागदावर) असतो, पण त्यावर डोळे झाकून विश्वास नको. सर्किट बदललं तरी शिल्लक राहिलेले जुने चार्ट वापरले जात. त्यावरचा दोन अक्षरी शिक्का जास्त कामाचा: पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे 1951), दुसरं महिन्याचं. 'एनएच' म्हणजे ऑगस्ट 1964. सोबत पॉटच्या (आवाज, टोन कमी-जास्त करणाऱ्या नॉबमागच्या भागाच्या) पाठीवरचा आकडाही बघा. 1376542 मध्ये 137 ही सीटीएस कंपनी, 65 हे वर्ष, 42 हा आठवडा. पॉट मूळचा असेल तर ॲम्प त्याहून जुना असू शकत नाही. सोल्डर नवं, चकचकीत दिसलं तर मात्र पॉट बदललेला असणार.

मार्शलच्या बाबतीत उलटाच घोळ होतो. 1959, 1987, 1962 ही मॉडेलची नावं आहेत, सालं नव्हेत. 1959 साली मार्शलचे ॲम्प निघतच नव्हते.

काहीच सापडत नसेल तर बनवणारा कोण होता ते बघा. सुप्रो, नॅशनल, एअरलाइन आणि ग्रेचचे बरेच ॲम्प व्हॅल्को या एकाच कंपनीचे. सिल्व्हरटोन 1484 डॅनइलेक्ट्रोचा. भावंड ब्रँडच्या नावाने शोधलं की तेच सर्किट हाती लागतं. ट्यूबही दोन्ही नावांनी शोधा: 12एएक्स7 म्हणजेच ईसीसी83.

स्कीमॅटिक मिळालं की वाचण्यातल्या चुका सुरू होतात. जुन्या अमेरिकी आकृत्यांत 'एमएमएफ' म्हणजे पिकोफॅरड. 'एम' तर कित्येकदा हजारासाठी असतो: ट्यूबच्या प्लेट नावाच्या पिनेजवळ 100एम दिसलं तर तो 100 किलोओहमचा रेझिस्टर, मेगओहमचा नव्हे. मेगओहमसाठी 'मेग' असं वेगळं लिहीत.

व्होल्टेज तंतोतंत जुळत नाही म्हणून भाग बदलत सुटू नका. फेंडरच्या कित्येक आकृत्यांवर बारीक अक्षरांत अधिक-उणे 20 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 415 व्होल्टच्या जागी 332 ते 498 चालतं.

आकृतीत आहे म्हणून तसंच ठेवायचं, हेही चूकच. दोन पिनांच्या जुन्या वायरीवाल्या ॲम्पमध्ये मेन्सपासून चॅसीपर्यंत (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) एक कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला की चॅसी आणि गिटारच्या तारा थेट मेन्सवर येतात. अर्थिंगची तीन पिनांची वायर बसवा आणि हा कपॅसिटर काढून टाका.

स्कीमॅटिक नाहीच मिळालं तर स्वतः काढा. आधी प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर 10 किलोओहम, 5 वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरवर 10 व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. प्लग काढल्यावरही त्यांत 400 व्होल्ट राहू शकतात. मग सुरुवात पॉवर सप्लायपासून.

इथे हमखास फसगत होते ती ट्यूबच्या सॉकेटच्या पिना मोजताना. वायरिंगच्या बाजूने बघत, पिनांमधल्या मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायचं. 6.3 व्होल्टवर चालणाऱ्या 12एएक्स7च्या सॉकेटवर 4 आणि 5 एकमेकींना जोडलेल्या असतात, हीटरची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) दुसरी वायर 9 वर. तुमच्या कागदावर 5 आणि 6 जोडलेल्या आणि दुसरी वायर 1 वर आली, तर तुम्ही उलटं मोजलंय.