इन्व्हर्टेड कॉमा लेकरांच्या हातात दिले अन् डायरेक्ट स्पीच जमलं

सातवीच्या लेकरांना इंग्रजीतल्या डायरेक्ट स्पीचचे, म्हणजे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, नियम पाठ यायचे पण वहीत इन्व्हर्टेड कॉमा कुठंबी पडायचे, कधी 'ही सेड'च त्यात कोंबलेलं. आमच्याकडं बीड जिल्ह्यात बहुतेक लेकरं एसटीनं येतात, म्हणून वर्गातच एसटी केली. एक कंडक्टर, एक पॅसेंजर, बाकीच्यांच्या हातात जुन्या पुठ्ठ्याची कार्डं, कुणावर शब्द तर कुणावर चिन्ह. कंडक्टर म्हणला, 'व्हेअर आर यू गोइंग?' की इन्व्हर्टेड कॉमावाले दोघं पळत येऊन त्या वाक्याच्या दोन्ही टोकाला उभे, प्रश्नचिन्ह आत अन् 'आस्क्ड द कंडक्टर' बाहेर.

खरी मजा पॅसेंजरच्या उत्तराला. 'ही सेड' पुढं असलं तर कॉमावाला त्याच्या मागोमाग, इन्व्हर्टेड कॉमाच्या बाहेर, अन् फुलस्टॉप आत. मग मी 'ही सेड'ला शेवटी पाठवलं, तर कॉमावाल्याला आत घुसावं लागलं अन् फुलस्टॉप बाहेर गेला, त्यावरून पोरांची जी भांडणं झाली ना, तेवढं माझं फळ्यावरचं शिकवणं कधीच कुणी मनावर घेतलं नव्हतं. गोंधळ होतो, शेजारच्या वर्गातले सर डोकावतात, चालायचंच. कॅपिटल लेटर मात्र अजून विसरतात, त्यासाठी आता पहिल्या शब्दाच्या पोराला टोपी घालतो.