बी.एड. महाविद्यालयाचे वार्तापत्र: बातमी गोळा करण्यापासून छपाईपर्यंत

बहुतेक अध्यापक महाविद्यालयांच्या वार्तापत्राचे पहिले पान न बघता सांगता येते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ आणि व्यासपीठावर ओळीने बसलेले मान्यवर. त्याच महिन्यात शंभर छात्राध्यापक (बी.एड.चे विद्यार्थी) आठ-दहा शाळांत रोज वर्गावर उभे राहत होते, त्याची एक ओळही नसते. कार्यक्रमाला निमंत्रणपत्रिका असते, फोटोग्राफर असतो, त्यामुळे त्याची बातमी आयती हाती येते. सराव पाठाची बातमी मात्र कोणीतरी शाळेत जाऊन आणावी लागते. म्हणून वार्तापत्र सुधारायचे काम बातमी आणण्याच्या व्यवस्थेपासून सुरू होते.

वर्षाला दोन अंक पुरेत: एक डिसेंबरअखेर, दुसरा शैक्षणिक वर्ष संपताना. मासिक अंकाचा उत्साह तिसऱ्या महिन्यात मावळतो, कारण अंक काढणारे दोन प्राध्यापकच पाठ निरीक्षणही करत असतात आणि प्रात्यक्षिकांचे गुणही भरत असतात. अंक आठ पानांचा ठेवा. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोरची चार पाने होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत लागते. सहा किंवा दहा पानांचा मजकूर घेऊन छापखान्यात गेलात तर दोन पाने कोरी तरी राहतील किंवा जाहिरातीने भरावी लागतील.

बातमी कोण आणणार?

प्रत्येक अध्यापन पद्धतीतून, म्हणजे मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल अशा प्रत्येक गटातून, एका छात्राध्यापकाला महिन्यापुरते वार्ताहर नेमा आणि महिना संपला की बदला. वर्षभर एकच जण ठेवला तर तो कंटाळतो आणि बातम्या त्याच्या मित्रमंडळींच्याच येतात. प्राध्यापकांपैकी एक संपादक आणि एक मुद्रितशोधक असावा. ही दोन कामे एकाच माणसाकडे देऊ नयेत. स्वतः लिहिलेल्या मजकुरातली चूक स्वतःला दिसत नाही.

वार्ताहराने अर्ध्या पानाचे बातमीपत्रक भरायचे: काय झाले, कोणत्या तारखेला, कुठे, कोणी केले, किती जण होते आणि याचा पुरावा कोणता. पत्रक ४८ तासांत यायला हवे. आठवड्याने विचारले की ‘सुमारे दीडशे विद्यार्थी’ असे उत्तर मिळते, त्याच दिवशी विचारले तर सह्यांचा कागद समोर असतो. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) वार्षिक अहवालासाठी उपस्थितीचा आकडा आणि फोटो लागतातच, म्हणून पत्रकाची एक प्रत थेट तिकडे द्या. नाहीतर वार्तापत्रात ११२, अहवालात १२० आणि हजेरीत ९७ असे तीन आकडे तयार होतात आणि भेटीला आलेली समिती नेमके तिथेच बोट ठेवते.

फोटोच्या फाइलचे नाव तारखेने सुरू करा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग दोन शब्दांत विषय. संगणक आपोआप क्रम लावतो आणि सहा महिन्यांनी शोधाशोध करावी लागत नाही.

प्राध्यापकांच्या बातम्या: शब्द तोलून वापरा

इथे चुका बहुधा अतिउत्साहातून होतात. मौखिक परीक्षा झाली म्हणून नावाआधी ‘डॉ.’ लावू नका. विद्यापीठाची अधिसूचना निघेपर्यंत ‘पीएच.डी.ची मौखिक परीक्षा पूर्ण’ एवढेच लिहा. शोधनिबंध ‘स्वीकारला’ आणि ‘प्रकाशित झाला’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. परिषदेत ‘सहभाग’ आणि ‘निबंधवाचन’ यांतही फरक आहे. प्रमाणपत्र स्वतः पाहा आणि त्यावरचाच शब्द घ्या.

प्रकाशित निबंधासाठी शीर्षक, नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, पृष्ठे आणि आठ अंकी आयएसएसएन क्रमांक लागतो. पुस्तकासाठी तेरा अंकी आयएसबीएन. ‘यूजीसी-केअर यादीतील नियतकालिक’ असे सरसकट छापण्याची सवय सोडावी. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची ती यादी बंद केल्याचे आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आहे. जुन्या निबंधाबाबत ‘प्रकाशनाच्या वेळी यादीत समाविष्ट’ असे म्हणता येईल, नव्या निबंधाबाबत नाही.

पेटंटच्या बातमीत तर हमखास घोटाळा होतो. अर्ज दाखल होणे, अर्ज पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होणे आणि पेटंट मंजूर होणे हे तीन वेगळे टप्पे. दुसऱ्या टप्प्यावर ‘पेटंट मिळाले’ असे छापले तर ती चुकीची माहिती ठरते. एखाद्या शैक्षणिक साधनाच्या बाह्यरूपाची डिझाइन नोंदणी झाली असेल तर ती डिझाइन नोंदणीच, तिला पेटंट म्हणू नका.

प्रश्नपत्रिका काढणे, नियामक म्हणून निवड होणे यासारखी परीक्षेची गोपनीय कामे कधीही छापायची नाहीत. कौतुक म्हणून छापले जाते आणि त्या प्राध्यापकाची परीक्षा विभागापुढे पंचाईत होते. ऑनलाइन वेबिनारची ढीगभर प्रमाणपत्रे हीसुद्धा बातमी नव्हे. एखाद्या प्राध्यापकाने आठवडाभराच्या प्रशिक्षणानंतर आपल्या तासाला प्रत्यक्ष काय बदलले, ते दोन ओळींत लिहून मागा. दिले तर छापा.

नावांचा क्रम सेवाज्येष्ठतेने की अकारविल्हे, हे पहिल्या अंकाआधीच ठरवून बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण स्टाफरूममधली निम्मी धुसफूस त्यावरूनच होते. ‘प्रा. डॉ.’ अशी दुहेरी उपाधी टाळा, एक पुरते. सौ., श्रीमती, कु. सगळीकडूनच काढून टाका. बाईंच्या नावापुढे वैवाहिक स्थिती आणि सरांच्या नावापुढे पदवी, असे दिसायला नको.

छात्राध्यापकांची बातमी शाळेत असते

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शालेय अनुभवासाठी किमान २० आठवडे ठेवले. त्यांतले १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. विद्यापीठागणिक मांडणी थोडीफार बदलते, पण अंकाचा मोठा भाग इथूनच यायला हवा, हे या आकड्यांवरूनच दिसते.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठाची, बातमी करता येते. शिकवणे ६ मिनिटे, प्रत्याभरण (फीडबॅक) ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा शिकवणे ६, पुन्हा प्रत्याभरण ६, असे ३६ मिनिटांचे चक्र असते. ‘सूक्ष्म अध्यापन उपक्रम संपन्न’ यातून वाचकाला काहीच मिळत नाही. सज्जता प्रवर्तन (पाठाच्या सुरुवातीला मुलांना तयार करणे) की फलक लेखन, कोणते कौशल्य जड गेले, दुसऱ्या फेरीत निरीक्षण तक्त्यावरचे गुण कितीने बदलले, हे लिहा. तक्ते त्या अध्यापन पद्धतीच्या प्राध्यापकांकडे असतातच.

आता छात्रसेवाकालाची (शाळेतल्या सलग अध्यापन अनुभवाची) एकच बातमी दोन प्रकारे लिहून बघा. नेहमीची अशी असते: ‘महाविद्यालयाच्या छात्राध्यापकांचा छात्रसेवाकाल विविध शाळांमध्ये मोठ्या उत्साहात संपन्न झाला. मुख्याध्यापकांनी मोलाचे मार्गदर्शन केले. आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता झाली.’

दुसरी अशी (आकडे नमुन्यादाखल): ‘गणित पद्धतीच्या चार छात्राध्यापकांनी सातवीच्या दोन तुकड्यांना पूर्णांकांचा गुणाकार शिकवला. पाठानंतरच्या छोट्या चाचणीत ५२ पैकी १९ मुलांनी दोन ऋण संख्यांचा गुणाकार ऋण लिहिला. संख्यारेषेवर पावले टाकण्याची कृती मैदानावर आखून घेतली. आठवड्याने त्याच धर्तीच्या चाचणीत ही चूक ७ मुलांची राहिली. आखणीला खडू, दोरी आणि २० मिनिटे लागली.’ ही बातमी दुसऱ्या शाळेतला गणिताचा शिक्षक कापून ठेवील.

कृतिसंशोधनाच्या अहवालांत असा मजकूर भरपूर पडून असतो. समस्या, केलेला उपाय, आधीच्या आणि नंतरच्या चाचणीचे गुण, एवढे काढले की शंभर शब्दांची बातमी तयार होते. उपाय फसला असेल तरी छापा; का फसला ते मात्र लिहायला हवे. दिनविशेषांना कात्री लावा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंचे चरित्र दर वर्षी नव्याने छापण्यात अर्धे पान जाते. त्याऐवजी त्या दिवशी छात्राध्यापकांनी शाळेत काय घेतले, ते द्या.

निकाल आणि नोकरीच्या बातम्यांत घाई नको. ‘महाविद्यालयात प्रथम’ आणि ‘विद्यापीठात प्रथम’ यांत अंतर आहे. दुसरा दावा विद्यापीठाच्या अधिकृत गुणवत्ता यादीशिवाय करू नका. पुनर्मूल्यांकनाने क्रम बदलू शकतो, त्यामुळे ते होईपर्यंत थांबा. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होणे ही पात्रता आहे, नेमणूक नव्हे. शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलच्या निवड यादीत नाव येणे आणि शाळेत रुजू होणे याही वेगळ्या गोष्टी. ‘रुजू’ लिहायचे तर नेमणूक किंवा हजर झाल्याचे पत्र बघा. निवड यादीत उमेदवाराचा प्रवर्ग, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक असे तपशील असतात. त्या यादीचा फोटो जसाच्या तसा अंकात चिकटवणे हा थेट गैरप्रकार आहे. नाव, विषय आणि जिल्हा एवढे पुरे, आणि तेही त्या विद्यार्थ्याला विचारून.

शाळेतली मुले

वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. सराव शाळेत फोटो काढण्याआधी मुख्याध्यापकांचे लेखी पत्र घ्या. चेहरे ओळखू येणार असतील तर पालकांचीही संमती लागेल. सोपा मार्ग म्हणजे वर्गाच्या मागून फोटो काढणे: मुलांच्या पाठी, समोर फळा आणि शिकवणारा छात्राध्यापक. फळ्यावरचे लेखनही दिसते, बातमीला तेच हवे असते. व्यक्ती अभ्यासातल्या (केस स्टडीतल्या) मुलाचे नाव, वर्ग, आजार, घरची परिस्थिती यांतले काहीही बाहेर येता कामा नये. ‘एका विद्यार्थ्याला’ असे लिहूनही गाव आणि इयत्ता दिली, तर ओळखू यायला वेळ लागत नाही.

टंकन, फोटो, मांडणी

मजकूर युनिकोडमध्येच मागा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हे दाखवतो. परिवर्तकातून काढला तरी रफार, ‘ऱ्य’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ऱ्हस्व इकार इथे गडबड होते, तेवढे शब्द हाताने तपासा. पानांची मांडणी करणाऱ्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी ठेवा, म्हणजे ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे येतात.

छपाईला इंचाला ३०० बिंदू धरतात. साडेतीन इंच रुंद स्तंभातल्या फोटोला किमान १०५० पिक्सेल रुंदी हवी, पानभर सात इंचांच्या फोटोला २१००. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो. स्थळ-काळाचा शिक्का असलेला फोटो नॅकच्या फाइलला ठेवा, अंकासाठी त्याच प्रसंगाचा बिनशिक्क्याचा घ्या. एका बातमीला एकच फोटो. फोटोत माणसे ओळीत असतील, तर फोटोओळीत ‘डावीकडून’ म्हणत सगळी नावे. एकाचे जरी माहीत नसेल तर शोधून काढा.

मुद्रितशोधन

तीन वाचने करा. पहिले फक्त नावांचे: प्रत्येक नाव हजेरीपटाशी ताडायचे. दिक्षित-दीक्षित, चौधरी-चौधरे इथे अंदाज चालत नाही. दुसरे आकडे आणि तारखांचे. तारखेचा वार दिनदर्शिकेत बघा. तिसरे भाषेचे, आणि ते छापील कागदावर, मोठ्याने. ‘संपन्न झाला’, ‘मोलाचे मार्गदर्शन’, ‘बहुसंख्येने उपस्थित’ दिसले की खोडा; बहुतेक वेळा वाक्याचा अर्थ तसाच राहतो. प्राचार्यांकडे मान्यतेसाठी प्रत देताना परतीची तारीख प्रतीवरच लिहा, नाहीतर अंक टेबलावर महिनाभर पडून राहतो.

छापील प्रती किती हे वाटपाची यादी करूनच ठरवा: प्रत्येक सराव शाळेला दोन (एक मुख्याध्यापकांना, एक शिक्षकखोलीला), विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाला, ग्रंथालयाला दोन, नॅकच्या फाइलला दोन. बाकीच्यांना पीडीएफ. ती पाच एमबीच्या आत बसवा, नाहीतर माजी विद्यार्थी फोनवर उघडत नाहीत. छापून झाल्यावर चूक सापडली तर पुढच्या अंकाच्या दुसऱ्या पानावर दुरुस्ती द्या: कोणत्या पानावर काय छापले होते आणि बरोबर काय. त्या चौकटीची जागा आराखड्यात आधीच राखून ठेवा.