पासबुकात पैसे होते, दुकानात काहीच नव्हतं: सोव्हिएत लोकांच्या बचतीच्या या चुका टाळा

सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा लोकांची बचत बुडाली, एवढं सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यावर आपल्याकडे ठरलेली प्रतिक्रिया येते की लोक भोळे होते, सरकारवर विश्वास ठेवला, गेले पैसे. मला हे पटत नाही. लोक मूर्ख नव्हते, उलट प्रत्येक फटक्यातून ते काहीतरी शिकत होते, घोळ एवढाच की शिकलेला धडा मागच्या फटक्याचा असायचा आणि पुढचा फटका दुसऱ्याच बाजूने यायचा.

पहिली चूक, पासबुकातला आकडा म्हणजेच बचत असं समजणं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिकडे महिन्याचा पगार साधारण 200 रुबल. भाडं नावाला, दवाखाना फुकट, शाळा फुकट, मग उरलेल्या पैशाचं करायचं काय? गाडी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबा, फ्रीज, फर्निचर, चांगले बूट, सगळ्याला रांग. म्हणजे ही बचत अर्धी मनाने केलेली आणि अर्धी नाइलाजाने, घ्यायला काही नाही म्हणून साठलेली. पैसे सरकारी बचत बँकेत ठेवायचे, 2-3 टक्के व्याज मिळायचं, आणि म्हातारी माणसं तर स्वतःच्या अंत्यविधीचेसुद्धा पैसे बाजूला टाकून ठेवायची, त्या पैशांना रशियनमध्ये वेगळा शब्दच आहे, 'ग्रोबोव्ये'.

आता गोम अशी की सरकार बजेटमधला खड्डा नोटा छापून भरत होतं, ठेवीदारांचे पैसेही सरकारच वापरत होतं, आणि दुकानातले भाव मात्र सरकारी आदेशाने बांधलेले. त्यामुळे महागाई भावात दिसायची नाही, ती रिकाम्या फळीवर दिसायची. हे लक्षण ओळखा: भाव स्थिर आहेत, खात्यात पैसे वाढतायत, आणि तरी हवी ती वस्तू मिळत नाही, तर पैशाची किंमत आधीच घसरलेली असते, फक्त अजून कोणी तुम्हाला सांगितलेलं नसतं.

ते सांगितलं 2 जानेवारी 1992 ला. त्या दिवशी रशियाने बहुतेक भाव मोकळे सोडले आणि वर्षभरात भाव जवळपास 26 पट झाले. हिशोब करून बघा: कोणी पोटाला चिमटा काढून 5000 रुबल जमवलेत, म्हणजे जुन्या हिशोबाने 25 महिन्यांचा पगार, वर्ष संपताना त्यात येणार किती, तर पूर्वी 200 रुबलला यायचं तेवढं. पंचवीस महिने गेले आणि हातात एक महिना उरला. खात्यातला आकडा मात्र जसाच्या तसा, एक कोपेकसुद्धा कमी नाही!

मग घरात ठेवले असते तर? ठेवले होते की, त्याचाही बंदोबस्त आधीच झाला होता. 22 जानेवारी 1991, रात्री 9 च्या बातम्यांत जाहीर झालं की 50 आणि 100 रुबलच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद, बदलून घ्यायला 3 दिवस, माणशी 1000 रुबलपर्यंत, आणि बँकेतून महिन्याला 500 पेक्षा जास्त काढता येणार नाहीत. पंतप्रधान पावलोव यांच्या नावाने ही नोटबदली ओळखली जाते. (आपल्याला 2016 ची रात्र आठवतेच, आपल्याला निदान 8 वाजता कळलं.) सांगायचा मुद्दा, रोख ठेवणाऱ्याला एक फटका आणि बँकेत ठेवणाऱ्याला दुसरा, वर्षभराच्या अंतराने. 1993 च्या जुलैमध्ये पुन्हा जुन्या नोटा रद्द झाल्या ते वेगळंच.

दुसरी चूक, आणि खरी मोठी हीच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, इथे लोकांनी दूध सोडलं आणि थेट उकळतं तेल तोंडाला लावलं. सरकार नको, सरकारी बँक नको, मग कोण? एमएमएम. सर्गेई मावरोदीची ही कंपनी, म्हणजे नव्यांच्या पैशातून जुन्यांना देणारी स्कीम, 1994 मध्ये टीव्हीवर रोज दिसायची, जाहिरातीत लेन्या गोलुबकोव नावाचा साधा कामगार, आधी बायकोला बूट घेतो, मग घरात एकेक वस्तू येत जाते. म्हणजे जे वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून मिळालं नाही, नेमकं तेच! शेअरचा भाव कंपनी स्वतःच ठरवून जाहीर करायची, आणि सहा महिन्यांत तो शंभरपटीच्या वर गेला. उन्हाळ्यात डोलारा कोसळला, मावरोदीला अटक झाली, आणि त्याच वर्षी तो निवडून संसदेत गेला, कारण बुडालेल्या लोकांना वाटलं पैसे परत देऊ शकेल तर हाच. पुढे 2011 मध्ये त्याने त्याच नावाने पुन्हा दुकान मांडलं आणि ते भारतापर्यंतही आलं.

अल्बानियात याहून वाईट झालं. तिथे 1996 च्या शेवटापर्यंत अशा कंपन्यांची देणी 1.2 अब्ज डॉलरवर, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास गेली होती. लोकांनी घरं विकली, गुरं विकली. आणि इथे एक लक्षण आहे जे मी प्रत्येकाला सांगतो. आधी व्याज महिन्याला काही टक्के होतं, मग वाढवलं, मग जाफेरी नावाची कंपनी म्हणाली 3 महिन्यांत तिप्पट, लगेच सूदे नावाची दुसरी कंपनी म्हणाली 2 महिन्यांत दुप्पट. लोकांना वाटलं वा, धंदा जोरात आहे. उलटं असतं हो! ज्याचा धंदा जोरात तो व्याज कशाला वाढवेल, त्याला पैसे स्वस्तात मिळतात. स्कीम अचानक जास्त द्यायला लागली म्हणजे जुन्यांना द्यायला नव्यांचे पैसे पुरत नाहीयेत. 1997 च्या सुरुवातीला सगळं फुटलं, दंगे झाले, शस्त्रागारं लुटली, सुमारे 2000 माणसं मेली, सरकार गेलं.

तिसरी चूक त्यामानाने छोटी, पण शहाण्या लोकांनी केलेली, म्हणून सांगतो. सरकारी बँक नको, खाजगी स्कीमही नको, सरळ डॉलर घ्या आणि घरात ठेवा. रशियन भाषेत 'व् बान्के' म्हणजे बँकेत आणि काचेच्या बरणीतही, त्यामुळे पैसे कुठे ठेवलेत यावर तिकडे जोक भरपूर. आणि 1998 च्या ऑगस्टमध्ये हे बरणीवालेच जिंकले, सरकारने कर्ज बुडवलं, 6 रुबलचा डॉलर वर्षअखेर 20 च्या पुढे गेला, मोठमोठ्या खाजगी बँका आडव्या झाल्या. झालं, धडा पक्का! पण मग 2003 च्या सुरुवातीला 32 च्या आसपास असलेला डॉलर 2008 च्या उन्हाळ्यात 24 च्या खाली आला, आणि रुबलमधले भाव मात्र दरवर्षी साधारण 10 टक्के वाढत होते. पाच वर्षं बरणी उघडली नाही त्याची निम्म्याहून जास्त खरेदीशक्ती गेली, चोरी न होता.

म्हणून तुमचेही पैसे असे कुठे अडकलेत असं वाटलं तर एवढंच विचारा: व्याजातून महागाई वजा केली तर काय उरतं, घेतलेले पैसे पुढे कोणाला दिलेत, आणि बुडालं तर कायद्याने कोण देणार, किती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रशियात डिसेंबर 2003 च्या कायद्याने आलं, सुरुवातीला 1 लाख रुबलपर्यंत विमा, 2014 च्या शेवटी 14 लाख. तेव्हापासून तिकडचे लोक ठेवी थोड्या थोड्या विभागून वेगवेगळ्या बँकांत ठेवतात, हे वागणं मला सगळ्यात सुज्ञ वाटतं.

जुन्या सोव्हिएत ठेवींचं काय झालं? 1995 मध्ये कायदा झाला, ठेवी देशाचं कर्ज म्हणून मान्य केल्या, पण पूर्ण भरपाईची तरतूद पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. जे मिळतं ते 1991 च्या शिल्लकेच्या दोन किंवा तीन पट, तुमचा जन्म कधीचा त्यावर, आणि आजच्या भावांत ती रक्कम अगदीच किरकोळ. खातेदार वारला असेल तर मात्र वारसांना अंत्यविधीच्या खर्चासाठी 6000 रुबलपर्यंत मिळतात.