नामवंतांच्या बर्बनची चव कशी पारखावी

बाटलीवर प्रसिद्ध नटाचे किंवा बँडचे नाव असले आणि आतली व्हिस्की जगावेगळ्या रीतीने मुरवल्याचे खाली छापलेले असले, की पहिला घोट घेण्याआधीच आपले मत निम्मेअधिक तयार झालेले असते. अशी व्हिस्की पारखायची तर हे तयार मत दूर ठेवण्याची व्यवस्था आधी करावी लागते, आणि तिची सुरुवात लेबल नीट वाचण्यापासून होते.

अमेरिकी नियमांनुसार बर्बन या व्हिस्कीच्या प्रकारासाठी वापरलेल्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, ती आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, पिंपात भरताना तिच्यातील अल्कोहोल ६२.५ टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि वरून रंग किंवा स्वाद मिसळण्यास मनाई आहे. त्यामुळे निराळे काही करायचे असेल, तर ते या चौकटीत राहून किंवा पहिल्या पिंपातून मद्य काढल्यानंतरच करता येते. मेटालिका या बँडची ‘ब्लॅकन्ड’ २०१८ मध्ये आली, ती डेव्ह पिकरेल या अनुभवी मास्टर डिस्टिलरच्या, म्हणजे मद्यनिर्मितीच्या प्रमुख कारागिराच्या, हातून घडलेली. अनेक बर्बन आणि राय (या धान्याच्या) व्हिस्क्यांचे हे मिश्रण आहे, म्हणजे काटेकोर अर्थाने ती बर्बन नव्हेच. हे मिश्रण पुढे ब्लॅक ब्रँडीच्या पिंपांत ठेवतात आणि त्या पिंपांना बँडचीच गाणी खर्जातील ध्वनिलहरींच्या रूपात ऐकवतात. त्या कंपनांमुळे मद्याचा लाकडाशी अधिक संपर्क येतो, असा उत्पादकांचा दावा आहे.

इथे चाखणाऱ्यापुढे खरी अडचण उभी राहते. पेल्यात मनुका किंवा सुक्या जर्दाळूसारखा गोडवा जाणवला, तर त्याचे श्रेय ब्रँडीच्या पिंपाला देणे सयुक्तिक आहे. परंतु गाण्यांनी काय केले हे सांगायचे असेल, तर तीच व्हिस्की गाण्यांविना मुरवलेली शेजारी हवी, आणि ती आपल्याला मिळत नाही. म्हणून ‘संगीताची चव लागली’ असे कोणी सांगितले, तर ते मान्य करण्याचे कारण नाही, मग तो कितीही जाणकार असो.

तुलना करून शिकायचे असेल, तर सुरुवातीला ‘लाँगब्रँच’ अधिक सोयीची ठरते. अभिनेता मॅथ्यू मॅकॉनहे याने वाइल्ड टर्की या कंपनीसोबत काढलेली ही केंटकी बर्बन मेस्क्विट आणि ओक या झाडांच्या कोळशातून गाळलेली असते. तिच्यात ४३ टक्के अल्कोहोल असते. त्याच कंपनीची ‘१०१’ ही बर्बन ५०.५ टक्क्यांची आहे. तिच्या ६० मिलिलिटरमध्ये १० मिलिलिटर पाणी घातले की दोन्हींची तीव्रता जवळपास सारखी होते. हे टाळून चालत नाही, कारण अल्कोहोल कमी असलेली व्हिस्की नेहमीच ‘मऊ’ वाटते आणि आपण ते श्रेय भलत्याच गोष्टीला देऊन बसतो.

आता तीन सारखे पेले घ्यावेत, तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते. दुसऱ्या कोणाला तरी दोन पेल्यांत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी १५ मिलिलिटर, आपल्या नकळत ओतायला सांगावे. बर्फ नको. दहा मिनिटे पेले तसेच राहू द्यावेत, म्हणजे अल्कोहोलचा पहिला झणका ओसरतो. मग तोंड किंचित उघडे ठेवून, नाक पेल्याच्या कडेपासून थोडे दूर धरून वास घ्यावा. पेल्यात नाक खुपसून जोरात श्वास ओढला, तर नाक बधिर होते आणि पुढची काही मिनिटे वाया जातात.

पहिला घोट अगदी लहान असावा आणि त्यावरून काहीही ठरवू नये. तो केवळ जिभेला सवय व्हावी म्हणून असतो. दुसरा घोट तोंडात घोळवावा, चावल्यासारखा फिरवावा, आणि व्हॅनिला, कॅरामेल, मक्याचा गोडवा, रायचा मिरीसारखा तिखटपणा, धूर यांपैकी काय कोणत्या क्रमाने येते ते पाहावे. गिळल्यानंतर चव किती रेंगाळते आणि शेवटी तोंड कोरडे पडते का, हेही टिपावे. लाकडाचा अतिरेक झाला असेल तर तो याच टप्प्यावर कळतो, आणि घाईने मुरवलेल्या व्हिस्कीत मला हा कडवट कोरडेपणाच सर्वाधिक खटकतो. त्यानंतर तिन्ही पेल्यांत सारखेच काही थेंब पाणी टाकून पुन्हा वास घ्यावा. पाण्याने काही गंध नव्याने वर येतात.

वेगळा पेला कोणता ते लिहून ठेवावे. निव्वळ अंदाजाने तो तीनपैकी एकदा बरोबर येतोच, त्यामुळे एका यशावर विसंबू नये. लागोपाठ तीन वेळा तो ओळखता आला, तर योगायोगाची शक्यता २७ मध्ये १ एवढीच उरते. मात्र या फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी घ्याव्यात, कारण जीभ लवकर थकते आणि मद्य तर चढतेच.

चाखताना खोलीत संगीत नसावे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या चार्ल्स स्पेन्स यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, खोलीतील आवाज, प्रकाश आणि सजावट बदलल्यावर तीच व्हिस्की लोकांना कमीअधिक गोड किंवा लाकडी वाटली होती. ब्लॅकन्डच्या प्रत्येक बॅचची गाण्यांची यादी वेगळी असते. ती ऐकायची झाल्यास सगळी टिपणे पूर्ण झाल्यावर लावावी, आणि त्या वेळी चवीत काही फरक जाणवला तर तो स्वतंत्र पानावर नोंदवावा.