थंडीतच घ्या गुलाबाचा संकर

मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांचं सगळं लक्ष आता फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइनच्या फुलतोडीवर असणार. तरी ज्यांना स्वतःचा वाण घडवायचा आहे, त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर हातचा घालवू नये. आत्ता परागण केलं तर फळ टिकतं आणि चारेक महिन्यांत, उन्हाळा तापायच्या सुमारास, पिकतं.

मादी म्हणून निवडायचं झाड मुळात फळ धरतं का, ते आधी पाहा. देखणे पण बी न देणारे वाण पुष्कळ. त्यांचा पराग वापरा. पाकळ्या नुकत्या सैल झालेली, अजून न उमललेली कळी सकाळी घ्या. पाकळ्या काढा, पुंकेसर चिमट्याने खुडा, कागदी पिशवी चढवा. नराचे पुंकेसर सावलीत कागदावर वाळवले की पराग सुटतो. दुसऱ्या दिवशी स्त्रीकेसराचं टोक चिकट लागलं की ब्रशने पराग लावा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चिठ्ठीवर आधी मादी, मग नर, मग तारीख. पेन्सिलनेच लिहा, शाई फवारणीत जाते.

पिकलेल्या फळातलं बी ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), फ्रीजमध्ये 4 अंशांना 6 ते 8 आठवडे ठेवून मग पेरा. बरंचसं बी उगवणारच नाही, त्याने खचू नका.

रोपाचं पहिलं फूल लहान असतं, त्यावरून रोप उपटू नका. भुरी या बुरशीच्या रोगाने पांढरं पडणारं रोप मात्र ठेवू नका. उरलेल्यांचे डोळे (फांदीवरचे अंकुर) खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वाढवलेल्या दुसऱ्या गुलाबावर, भरा आणि तोडण्याजोगा लांब दांडा मिळू लागला की खरी परीक्षा घ्या: बाजारासाठी तोडतात तशी कळीच्या अवस्थेत तोडलेली फुलं साध्या स्वच्छ पाण्यात, शेजारी तुमच्याकडचा खात्रीचा वाण. रोज लिहा. फूल मान टाकतं का? कळी अर्धीच उघडून थांबते का? लाल पाकळी निळसर पडते का? हीच परीक्षा एप्रिलच्या उकाड्यात आणि पावसाळी दमटपणात पुन्हा घ्या. थंडीत सगळीच फुलं चांगली दिसतात. सुवासिक रोपाचा मोह मलाही आवरत नाही, पण वास असलेली फुलं बहुधा लवकर गळतात. तिसऱ्या दिवशी मान टाकणारं फूल कितीही गोड असो, ते कटफ्लॉवरचं, म्हणजे दांड्यासकट तोडून विकायचं, नव्हे.

एक सांभाळा. संरक्षित वाण, म्हणजे ज्यावर पैदासकाराचा कायदेशीर हक्क नोंदवलेला आहे तो, संकरासाठी वापरता येतो, पण त्याचीच कलमं विनापरवाना विकता येत नाहीत. रोपं घेताना केलेला करार आधी वाचून घ्या.